रोजचा लाइट

आठवडा झाला, या रस्त्यावर मला कुणी लाइट दिलेला नाही. एकानेही नाही. दुधाच्या टँकरवाल्याने नाही, गॅसच्या टाक्या नेणाऱ्याने नाही, आणि ज्याला मी स्वतः भरल्या गाडीने चढ कसा चढायचा ते शिकवलं त्या विटावाल्यानेही नाही. समोरून येतात, मला ओळखतात, आणि मान ताठ ठेवून निघून जातात. सोळा चाकांची गाडी यांना दिसत नाही!

ज्याने कधी ट्रक चालवला नाही त्याला वाटेल, त्यात काय एवढं? नाही दिला लाइट तर नाही दिला. त्याला एकदा माझ्या शेजारी बसवून फिरवायला हवं. आमची गाडी एवढी लांब, की दुसऱ्या ट्रकला मागे टाकताना आपलं शेपूट त्याच्या तोंडापुढे गेलं की नाही हे आरशात धड कळत नाही. ते त्यालाच दिसतं. म्हणून तो एकदा दिवे उघडझाप करतो, म्हणजे ‘ये आत’. आपण आत येतो आणि एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा इंडिकेटर मारतो, म्हणजे ‘बरं झालं बाबा’. समोरून कुणी ओळखीचा आला तर नुसता हात. आणि पुढे काही भानगड असेल, दरड कोसळलेली, गाडी आडवी पडलेली, जनावरं, काहीही, तर दोनदा लाइट आणि खिडकीबाहेर हात काढून तळवा खाली दाबायचा. हळू घे, पुढे धोका आहे.

हे कुठल्या पुस्तकात नाही. लायसनच्या परीक्षेत कुणी विचारत नाही. पण दोनदा लाइट आणि हात खाली दिसला की ड्रायव्हर ब्रेक मारतो. आधी ब्रेक, मग विचार. समोरचा ओळखीचा असो नसो, मित्र असो की सात जन्मांचा वैरी. आणि म्हणूनच हा इशारा कुणी खोटा देत नाही. दारू पिऊन तर्र झालेला माणूसही देत नाही.

तर हे सगळं माझ्यापुरतं बंद झालं आहे. काल पुढे एक लोखंडवाला कुथत कुथत चालला होता. मी त्याला मागे टाकायला बाहेर पडलो. त्याच्या बरोबरीने गेलो, पुढे गेलो, आता हा लाइट देईल मग देईल म्हणून वाट बघतोय, तर हा ढिम्म. समोरून मोटार येतेय. शेवटी मी अंदाजाने आत घेतली आणि मोटारवाल्याने जाता जाता माझ्या आईबापांचा उद्धार केला. मी आरशात बघितलं. लोखंडवाला मजेत विडी ओढत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी बाजूला घेऊन त्याला खाली ओढावं आणि दोन ठेवून द्याव्यात, असं वाटलं. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. असे चाळीस जण आहेत, कुणाकुणाला ओढू?

आणि हे कशासाठी? तर मी म्हणे माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला लाइट दिला नाही. पुलाजवळ रस्त्यावर तेल सांडलेलं मला माहीत होतं, बाकी सगळ्यांना मी सावध केलं, आणि दादाची गाडी आली तेव्हा हात आत घेतला. का, तर आमचं बोलणं नाही म्हणून.

दिला होता. मी दादाला लाइट दिला होता. दोनदा नाही, दहादा दिला होता, हात बाहेर काढून दाराच्या पत्र्यावर आपटला होता, हॉर्न दाबून धरला होता. दादाने ब्रेक मारला नाही. भरल्या लाकडाच्या गाडीने तो तसाच खाली गेला आणि तेलावरून घसरून पुलाच्या कठड्यात घुसला. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. क्लचचा पाय.

पण हे कुणाला सांगायचं? तिसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या चहावाल्याकडे गेलो. तिथल्या बाकावर आम्ही सगळे सकाळी माल भरायची वाट बघत बसतो. आमच्यात माणसाला त्याच्या मालावरून हाक मारतात, म्हणजे मी सिमेंट, दादा लाकूड. मला बघून सगळ्यांचं बोलणं थांबलं. दूधवाला सरकून बसला, पण जागा द्यायला नाही, तर माझा धक्का लागू नये म्हणून.

“काय रे, तोंडं शिवली का तुमची?” मी म्हणालो.

“तुला काय बोलायचं ते बोल,” दूधवाला म्हणाला. “आम्ही ऐकतोय.”

“मी त्याला लाइट दिला होता.”

“मला दिलास. माझ्या मागे गॅसवाला होता, त्यालाही दिलास. आम्ही दोघं हळू झालो, कडेच्या मातीतून गाडी काढली आणि वाचलो. तुझा भाऊ आमच्यामागे दोन मिनिटांनी आला. मी पुलापलीकडे थांबलो होतो, माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्याने ब्रेकला पायसुद्धा लावला नाही.” त्याने पेला खाली ठेवला. “तीस वर्षं गाडी चालवणारा माणूस. त्याला कुणी हात खाली दाखवला आणि त्याने ब्रेक मारला नाही, असं होईल का? तूच सांग, होईल?”

नाही होत. कुणाचंही नाही होत.

“खोटं बोलायचं तर जरा पचेल असं बोल,” गॅसवाला म्हणाला. मी त्याची कॉलर धरली. तिघांनी मिळून मला सोडवलं, पण मारलं कुणी नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. दूधवाल्याने माझा चहा परत पाठवला आणि चहावाल्याला म्हणाला, “याचा वेगळा दे.” त्या दिवसापासून माझे लाइट बंद.

इस्पितळात गेलो तर वहिनी वॉर्डच्या दारातच उभी. लग्न होऊन आली तेव्हा मी नववीत होतो. माझ्या शर्टाची बटणं लावून द्यायची, मी रागावून उपाशी निजलो तर ताट घेऊन उशाशी बसायची. ती वहिनी दाराला हात लावून उभी राहिली.

“भाऊजी, तुम्ही आत येऊ नका.”

“वहिनी, मी त्याला...”

“भांडण होतं ना तुमचं? भांडायचं होतंत. घरी येऊन शिव्या द्यायच्या होत्यात, मी चहा करून दिला असता. पण असं?” आणि तिने दार लावलं. काचेतून मला दादाच्या पलंगाचा फक्त पायथा दिसला. चादर एका बाजूला उंच होती, दुसऱ्या बाजूला सपाट.

घरी बायकोने दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मी जेवायला बसलो, आणि भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून तिने विचारलं, “दिला होता का लाइट?”

“दिला होता.”

“शपथ?”

“तुझ्या गळ्याची शपथ.”

पाण्याचा नळ बंद झाला. “मग मोठ्या भाऊजींनी ब्रेक का नाही मारला?”

मी पानावरून उठलो आणि बाहेर जाऊन उगाच गाडीच्या टायरला लाथा घातल्या. सगळं जग फिरून फिरून मला हाच एक प्रश्न विचारतं, आणि त्याचं उत्तर मला माहीत आहे. माझ्याशिवाय ते फक्त दादाला माहीत आहे.

उत्तर असं, की दीड वर्ष मी त्याला खोटा लाइट देत होतो.

आता सांगतोच आहे तर मुळापासून सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं लांबच्या मार्गावर होतो. एकाच कंपनीच्या दोन गाड्या, पुढे मी, मागे दादा. दुपारची वेळ, सरळ रस्ता, ऊन मी म्हणत होतं. मला डुलकी लागली. गाडी कडेच्या कठड्याला घासत चालली तरी मला पत्ता नाही. दादाने मागून लाइट मारले, हॉर्न वाजवला, जवळजवळ किलोमीटरभर वाजवत राहिला, तेव्हा मी जागा झालो. गाडी रस्त्यावर घेतली आणि त्याला इंडिकेटर मारून आभारही मानले. मला वाटलं, विषय संपला. पुढच्या थांब्यावर दादा उतरला तो सरळ सुपरवायझरला फोन लावायला गेला. ‘माझा भाऊ झोपतो गाडीवर. त्याला उतरवा.’

मला उतरवलं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, तीन महिने घरी बसवलं आणि मग लांबचा मार्ग काढून घेऊन या सिमेंटच्या खेपांवर टाकलं. कारखाना ते गोदाम, गोदाम ते कारखाना, घाण्याच्या बैलासारखं. मी दादाला विचारलं, “मला सांगायचंस ना! मला दोन थोबाडीत द्यायच्या होत्यास. चुगली कशाला केलीस?” तर म्हणतो कसा, “तुला सांगून तू ऐकला असतास का?” शांतपणे म्हणाला. त्याच्या त्या शांतपणाचीच मला चीड आहे. लहानपणापासून. मी आरडाओरडा करायचा आणि याने हळू आवाजात शहाणपणाचं एक वाक्य बोलायचं, मग आई म्हणणार, बघ, दादाकडून शीक. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

पुढे त्यालाही याच रस्त्यावर लाकडाची खेप मिळाली. मी कारखान्यातून निघायचो, पूल ओलांडून घाट चढायचो, पलीकडे उतरायचो. तो पलीकडून लाकूड भरून यायचा, घाट चढून माझ्या बाजूला पुलाकडे उतरायचा. रोज साडेदहा-अकराच्या सुमारास कुठेतरी आमची गाठ पडायची. तो हात करायचा. रोज करायचा. मी नाही करायचो.

एके दिवशी तो पलीकडचा चढ चढत होता आणि मी उतरत होतो. भरली गाडी चढावर म्हणजे काय असतं ते ड्रायव्हरलाच ठाऊक. एकदा वेग धरला की तो मोडायचा नाही. मोडला की पहिल्या गिअरात, इंजिनाला घाम फोडत, मुंगीच्या पावलांनी वरपर्यंत. त्याने मला हात केला. मला काय सणक आली कोण जाणे, मी दोनदा लाइट मारला आणि तळवा खाली दाबला. दादाने तत्काळ ब्रेक मारला. गाडी जागेवर उभी. मी आरशात बघतोय, तो वळणापर्यंत रांगत रांगत गेला, आणि वळणापलीकडे काय? काही नाही. स्वच्छ रस्ता. मी एवढा हसलो, एवढा हसलो, की स्टिअरिंगवर डोकं टेकवायची वेळ आली. कितीतरी महिन्यांनी हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मारला. त्याने पुन्हा ब्रेक मारला. तिसऱ्या दिवशीही मारला, आणि या वेळी जाता जाता माझ्याकडे बघितलं. रागाने नाही बघितलं. रागाने बघितलं असतं तर कदाचित मी थांबलो असतो. चौथ्या दिवशी मी लाइट दिला आणि तो तसाच पुढे गेला. वेग कमी केला नाही. हात करणंही त्या दिवसापासून त्याने बंद केलं.

तिथे तरी मी सोडायला हवं होतं. पण नाही. दादाचं तोंड समोरून दिसलं की माझा हात आपोआप बटणाकडे जायचा. पाऊस असो, धुकं असो, ताप असो अंगात. दीड वर्ष. दोनदा लाइट, हात खाली. तो समोर बघून निघून जायचा आणि मला वाटायचं, चिडवला आज. आम्ही एकमेकांशी एवढंच बोलत होतो.

आणि मग तो दिवस. पूल ओलांडल्यावर लगेचच्या वळणावर खाद्यतेलाचा टँकर कडेला उभा होता, मागचा कॉक सैल होऊन तेलाची धार लागलेली. रस्ता भिंगासारखा चकाकत होता. टँकरवाला बिचारा एक तोडलेली फांदी घेऊन धावत होता. मी कडेच्या मातीतून गाडी काढली आणि वर चढायला लागलो. दूधवाला आला, त्याला इशारा दिला. गॅसवाला आला, त्याला दिला. मग वरच्या वळणावर लाकडांनी भरलेली गाडी दिसली.

मी लाइट मारला. हात बाहेर काढला. दादा समोर बघत होता. मी पुन्हा मारला, पुन्हा मारला, हॉर्नवर हात दाबून ठेवला, ओरडलो, “दादा, तेल! तेल आहे!” काच वर केलेली होती त्याची. आमच्या खिडक्या एकमेकांसमोर आल्या, हाताच्या अंतरावरून तो गेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे दीड वर्ष रोज होतं. आज जरा जास्तच चाळे करतोय, एवढंच त्याला वाटलं असणार.

आणि त्या क्षणी मला काय वाटलं माहीत आहे? राग आला. मी एवढं जीव तोडून खरं सांगतोय आणि हा माझ्यावर विश्वास ठेवत नाही, म्हणून राग आला! मी गाडी आडवी घालू शकलो असतो. त्याची गाडी समोर दिसल्यापासून तेवढा वेळ होता माझ्याकडे. तो वेळ मी चिडण्यात घालवला. मग आरशात बघितलं. त्याच्या मागच्या लाल दिव्यांकडे बघत राहिलो, आता पेटतील, आता पेटतील. नाही पेटले. मग आवाज आला.

मी धावत खाली गेलो. दादा केबिनमध्ये अडकला होता, शुद्धीवर होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग रस्त्यावरच्या तेलाकडे बघितलं, मग परत माझ्याकडे.

हे मी कुणाला सांगू? लाइट दिला नाही म्हणून हे लोक माझं तोंड बघत नाहीत. खोटा लाइट देत होतो हे कळलं, तर माझ्या अंगावर गाडी घालतील, आणि मी त्यांना नावं ठेवू शकणार नाही.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मास्तर घरी आले. मास्तर म्हणजे आमच्यातले सगळ्यांत म्हातारे. आता गाडी चालवत नाहीत, पण या रस्त्यावरच्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलं, दादाला आणि मलाही. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच म्हणाले, “तुझा भाऊ आता नीट बोलतोय. उद्या चार वाजता इस्पितळात ये. सगळ्यांसमोर मी त्यालाच विचारणार. तू लाइट दिला होतास असं तो म्हणाला, तर मी स्वतः सगळ्यांना तुझी माफी मागायला लावीन. नाही म्हणाला, तर या रस्त्यावर गाडी आणायची नाही. कुठे जायचं ते तुझं तू बघ.”

“आणि तो काहीच बोलला नाही तर?”

“कसा बोलणार नाही? त्याचा पाय गेलाय,” मास्तर म्हणाले.

रात्रभर मी चरफडत राहिलो. दादा ‘नाही’ म्हणाला तर मी संपलो. आणि खरं सगळं सांगितलं, तर त्याहून वाईट संपलो. त्याने का म्हणून मला वाचवावं? मी त्याच्या जागी असतो तर पलंगावर उठून बसलो असतो आणि दीड वर्षाचा एकेक दिवस मोजून दाखवला असता. सकाळपर्यंत मला दादाचाही राग यायला लागला होता, न बोलता पडून राहिल्याचा.

चार वाजता हाडांच्या वॉर्डमध्ये आम्ही सगळे जमलो. मास्तर, दूधवाला, गॅसवाला, विटावाला आणि मी. नर्स म्हणाली, एका वेळी दोघंच. मास्तरांनी तिच्याकडे नुसतं बघितलं आणि ती औषधांची गाडी ढकलत निघून गेली. वहिनी दादाच्या उशाशी उभी होती. दादा वाळला होता. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले. त्याने पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि म्हणाला, “विचारा.”

“त्या दिवशी पुलाच्या वरच्या चढावर हा तुला समोरून आला,” मास्तर म्हणाले. “याने लाइट दिला होता?”

“दिला होता.”

दूधवाल्याने मान वर केली.

“हात खाली?”

“हात खाली. हॉर्नपण.”

“मग बाबा, तू ब्रेक का मारला नाहीस?”

दादाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग शोधला मी, तिथे तो नव्हता. थकलेला माणूस घड्याळाकडे बघतो, तसा तो माझ्याकडे बघत होता.

“तो रोजच देतो,” दादा म्हणाला.

“रोज?” मास्तरांना कळेना. “तुमचं तर बोलणं बंद होतं ना?”

“बोलत नाही. पण लाइट देतो. दीड वर्ष. एक दिवस चुकवला नाही.” त्याने डोळे मिटले. “मला वाटलं, नेहमीचाच आहे.”

वॉर्डमध्ये कुणीतरी खोकलं. मग मला दिसलं, की दूधवाला बाहीने डोळे पुसतोय. त्यांना काय समजलं ते त्यांच्या चेहऱ्यांवर लख्ख दिसत होतं. भाऊ बोलत नव्हता, पण वाटेत भेटला की रोज लाइट देऊन ख्यालीखुशाली विचारायचा. आणि नेमक्या त्या दिवशी रोजची विचारपूस समजून मोठ्याचा घात झाला. केवढी माया! गॅसवाल्याने माझा हात हातात घेतला. ज्या हाताने मी त्याची कॉलर धरली होती, तोच.

“भाऊजी,” वहिनीला हुंदका आवरेना, “मी काय काय बोलले हो तुम्हाला...”

“वहिनी, नको,” मी म्हणालो. माझा आवाज चढला. “तसं नाहीये ते. दादा, तू सांग ना यांना नीट! दादा, मी...”

“पुरे,” दादा म्हणाला. तसाच हळू, शहाणपणाचा आवाज. “पाय दुखतोय, जो नाहीये तो. जा आता सगळे.”

मला ओरडायचं होतं. त्या पलंगाचा लोखंडी दांडा धरून हलवायचा होता. शिव्या दे म्हणावं, थुंक माझ्यावर, यांना सांग मी काय केलं ते! पण मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मला बाहेर नेलं, आणि मी गेलो. बाहेर चहा झाला. सगळ्यांबरोबर, एकाच किटलीतला. मूग गिळून तो चहा प्यालो.

आज सकाळी गाडी काढली. फाटकातून बाहेर पडतो न पडतो तोच पहिला लाइट. मग दुसरा. लोखंडवाल्याने लाइट तर दिलाच, वर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हात जोडले. पुलापर्यंत मी सतरा मोजले. एकेक लाइट थोबाडीत बसत होता. द्या, अजून द्या, हरामखोरांनो, मी केबिनमध्ये एकटाच ओरडत होतो. एकालाही उलट लाइट द्यायला माझा हात उचलला नाही. पुलाच्या कठड्याला अजून तो खड्डा आहे, त्याला लाल फडकं बांधलंय. मी तिकडे बघितलं नाही.

घाटाच्या पहिल्या वळणाआधी विटावाला समोरून आला. दोनदा लाइट. हात खाली.

मी ब्रेक मारला. विचारबिचार काही नाही, पाय आपोआप गेला. मागे पंचवीस टन सिमेंट, चढावरचा सगळा वेग मोडला, गाडी थरथरत उभी राहिली. मग पहिल्या गिअरात रांगत रांगत वळण घेतलं. पलीकडे रस्त्याच्या मधोमध एवढी मोठी दरड पडलेली होती. वेगात असतो तर सरळ तिच्यात गेलो असतो.

मी ब्रेक दाबून तसाच बसून राहिलो. दादानेही पहिले तीन दिवस असाच मारला होता, विचार न करता. चौथ्या दिवशीही मारला असता. पुलावरही मारला असता. पण मी त्याला शिकवलं ना, मारू नकोस म्हणून! दीड वर्ष, रोज, एक दिवस न चुकवता शिकवलं.